नोकरी सांभाळून डॉक्टरेट : आरोग्यसेवेतील अंशकालीन संशोधनाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

आरोग्यसेवेत नोकरी करीत असतानाच डॉक्टरेटसाठी संशोधन करण्याची मुभा कोणाला, कोणत्या अटींवर आणि कशासाठी असावी, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात विद्यापीठे, आरोग्य विभाग आणि व्यावसायिक शिक्षणाच्या नियामक परिषदा अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे होत आला आहे. एका ठिकाणी झालेल्या निर्णयाची दखल दुसऱ्या ठिकाणी क्वचितच घेतली जात असल्यामुळे या प्रश्नाचे एकसंध चित्र सहसा समोर येत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत, जेथे महाविद्यालय, ग्रंथालय, मार्गदर्शक आणि रुग्ण एकाच आवारात असतात, तेथे या विसंगतीची झळ फारशी लागत नाही. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या गावी, उपजिल्हा रुग्णालयात किंवा आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, अधिपरिचारिकेला, औषधनिर्मात्याला वा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मात्र तिचा प्रत्यय अर्ज भरण्याच्या दिवसापासूनच येतो. म्हणून या आढाव्यात नियम राज्याचे व देशाचे असले, तरी त्यांची कसोटी शक्यतो या भागाच्या संदर्भात पाहिली आहे.

प्रारंभी दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. पीएचडी, म्हणजे विद्यावाचस्पती, ही एखाद्या विषयाच्या ज्ञानात नवी भर घातल्याबद्दल मिळणारी संशोधन पदवी होय. व्यावसायिक डॉक्टरेट ही मुख्यतः ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियात रुजलेली पदवी असून, तिच्यात अनुभवी व्यावसायिकाने स्वतःच्या कामातील प्रश्न घेऊन त्यावर पद्धतशीर संशोधन करावे आणि त्याचा परिणाम व्यवहारात दिसावा, अशी अपेक्षा असते. पहिलीत संशोधक घडवायचा असतो, तर दुसरीत व्यवसायात मुरलेल्या माणसाला संशोधनाची शिस्त लावायची असते, असे ढोबळपणे म्हणता येते. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट आहे आणि वादाचा बराचसा भाग तिच्याभोवतीच फिरतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत पहिली पीएचडी येल विद्यापीठाने १८६१ मध्ये दिली, तर ब्रिटनमध्ये ही पदवी ऑक्सफर्डच्या मार्गाने १९१७ मध्ये आली. व्यावसायिक डॉक्टरेटची आजच्या स्वरूपातील लाट त्या मानाने अलीकडची आहे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये शिक्षणशास्त्रात अशी पदवी सुरू केली आणि पुढे चिकित्सा मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य व परिचर्या या क्षेत्रांत तिचा प्रसार झाला. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाने २००१ मध्ये ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ हा अभ्यासक्रम काढला. २००४ मध्ये तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने प्रगत परिचर्येत प्रवेश करण्यासाठी हीच पदवी २०१५ पर्यंत आवश्यक व्हावी, असे उद्दिष्ट ठरवले. ते मुदतीत साध्य झाले नाही, पण या व्यावसायिक पदवीकडे जाणाऱ्या परिचारिकांची संख्या पीएचडीकडे वळणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी वाढली, आणि त्यातून परिचर्येतील मूलभूत संशोधनाला आता माणसे कोठून मिळणार, ही नवी चिंता उभी राहिली. भारतातील चर्चेत या अनुभवाचा उल्लेख होतो तो बहुधा अर्धाच होतो : व्यावसायिक पदवीची लोकप्रियता सांगितली जाते, तिच्यामुळे दुसऱ्या बाजूला पडलेली तूट सांगितली जात नाही.

भारतात अशा पदव्यांचे अस्तित्व तुरळक आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चिकित्सा मानसशास्त्रात ‘सायडी’ ही व्यावसायिक डॉक्टरेट दिली जाते. २००८ च्या नियमांनी आलेली ‘फार्मडी’ नावाने डॉक्टरेट असली, तरी ती बारावीनंतरची सहा वर्षांची व्यावसायिक पदवी आहे आणि तिला संशोधन पदवी समजणे योग्य नाही. परिचर्येत दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयाने पीएचडीचा मार्ग १९९२ मध्ये खुला केला. २००६ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने परिचर्येतील पीएचडीसाठी राष्ट्रीय संघ स्थापन केला, ज्यात नोकरीतील परिचारिकांना अंशकालीन नोंदणीची सोय ठेवण्यात आली. या एकदोन अपवादांपलीकडे, ‘व्यावसायिक डॉक्टरेट’ हवी असलेल्या भारतीय आरोग्य कर्मचाऱ्यापुढे व्यवहारात अंशकालीन पीएचडी हाच पर्याय उरतो. म्हणजे पदवी एका हेतूने घडवलेली आणि ती मागणारा दुसऱ्याच हेतूने आलेला, अशी स्थिती आहे.

नियमांचा प्रवास तीन टप्प्यांत सांगता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी दूरस्थ पद्धतीच्या पीएचडीला मनाई केली. २०१६ च्या नियमांनी ती मनाई कायम ठेवून अंशकालीन पीएचडीला स्पष्ट मान्यता दिली, अट एवढीच की पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागू असलेल्या सर्व अटी तिलाही लागू राहतील. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी या चौकटीत बरेच तपशील भरले. अभ्यासक्रमाचा काळ किमान तीन व कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे, स्त्रिया व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना त्यापुढेही दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा. किमान १२ श्रेयांकांचा पूर्वअभ्यासक्रम. आणि दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे हजेरी. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची २०१६ ची सक्ती मात्र काढून टाकण्यात आली.

मराठवाड्याच्या संस्थात्मक इतिहासाचाही येथे विचार करावा लागतो. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे, नांदेडचे १९८८ चे आणि लातूरचे २००२ चे. या भागातील वैद्यकीय शिक्षण प्रथम मराठवाडा विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पण १९९८ मध्ये नाशिकचे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या हे सारे विषय तिकडे गेले. त्यामुळे आज हदगावच्या औषधनिर्मात्याला औषधनिर्माणशास्त्रातील संशोधनासाठी नांदेडच्या विद्यापीठाचे दार साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, पण त्याच रुग्णालयातील परिचारिकेला आपल्या विषयासाठी नाशिकच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि मान्यताप्राप्त केंद्र व मार्गदर्शक ज्या गावी असतील, तेथे जावे लागते.

पदवी कोणाला कशासाठी हवी असते

‘आरोग्य कर्मचारी’ हा एकजिनसी वर्ग नसल्यामुळे वादातील बरेच युक्तिवाद एका गटाला लागू पडतात आणि दुसऱ्याला नाही. एमडी वा एमएस झालेल्या डॉक्टरसाठी पीएचडी ही सेवेतील बढतीची गरज नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील पदोन्नतीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग शोधनिबंध आणि संशोधनपद्धतीचे मूलभूत प्रशिक्षण पाहतो. शिवाय एमडीचा प्रबंध त्याने तीन वर्षांच्या निवासी काळात एकदा लिहिलेला असतो, आणि तो किती घाईत लिहिला जातो हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक असते. याउलट वैद्यकीय पदवी नसलेल्या, शरीररचना, शरीरक्रिया किंवा जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्या शिक्षकासाठी पीएचडी ही नोकरीची किल्लीच आहे. २०२५ च्या अध्यापक पात्रता नियमांनी सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र हे विषयही अशा शिक्षकांना खुले केल्यावर या पदवीचे मोल वाढले. परिचर्या महाविद्यालयातील प्राचार्यपदासाठी पीएचडी इष्ट मानली जाते. रुग्णालयाच्या वॉर्डात काम करणाऱ्या अधिपरिचारिकेला मात्र पीएचडीमुळे वेगळे पद वा वेगळी जबाबदारी मिळेल अशी शिडीच सेवेत नाही, त्यामुळे ती पदवी घेऊन वॉर्डातून वर्गाकडे जाते आणि जिच्या अनुभवावर संशोधन उभे राहिले, तिला रुग्णसेवा मुकते. परिचर्येपुरती तरी ही या प्रश्नातील सर्वांत गंभीर अडचण मानावी लागेल, कारण नियम कितीही सोपे केले तरी ती सुटत नाही.

पदवीमागे प्रतिष्ठेचाही भाग आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही, यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने मनाईचे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. त्या गोंधळातून डॉक्टर नसलेल्या आरोग्य व्यावसायिकांमध्ये संशोधन पदवीचे आकर्षण कशातून येते, याची कल्पना येते.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका विद्यापीठीय परंपरेची आहे. संशोधनाला सलग वेळ लागतो, वाचन व लेखन यांची सवय लागते, सहाध्यायांचा सहवास लागतो; रात्रपाळी करून सकाळी वाचायला बसणाऱ्या व्यक्तीकडून ते होत नाही आणि मग प्रश्नावली वाटून टक्केवारी काढणारे प्रबंध तयार होतात, असे या भूमिकेचे म्हणणे आहे. ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि व्यवहार’ या साच्यातील सर्वेक्षणांची आरोग्यविज्ञानात झालेली रेलचेल पाहता हे म्हणणे निराधार म्हणता येत नाही. तथापि, असे प्रबंध पूर्णवेळ विद्यार्थीही लिहितात, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी भूमिका सेवेच्या बाजूची. संशोधनाचा प्रश्न जेथे जन्मतो तेथे असलेली व्यक्तीच तो नेमका विचारू शकते, असे ती मानते, आणि महाराष्ट्रात तिच्या पाठीशी भक्कम उदाहरणे आहेत. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने मरणारे रुग्ण पाहत होते. दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची त्यांनी खाटेशेजारी बसून नोंद केली, रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, त्यावरील लेखन १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांच्या एकत्रित उपचाराची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने घरोघरच्या नवजात बालसेवेवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्याचे पडसाद राष्ट्रीय कार्यक्रमात उमटले. या दोन्ही उदाहरणांचा आधार अंशकालीन पीएचडीच्या समर्थनार्थ वारंवार घेतला जातो. पण ते काम पीएचडीच्या नोंदणीतून उभे राहिलेले नव्हते, आणि दुसऱ्या उदाहरणात तर संशोधनासाठी स्वतंत्र संस्था, प्रशिक्षित कार्यकर्ते आणि अनेक वर्षांचे सातत्य होते. ग्रामीण सेवेतून उत्तम संशोधन होऊ शकते एवढे त्यावरून सिद्ध होते. पदवीमुळे ते घडते की पदवीशिवायच चांगले घडते, हा मुद्दा मोकळाच राहतो.

हदगावच्या परिसरात अशा प्रश्नांची वानवा नाही. पावसाळ्यात शेतात होणारे सर्पदंश आणि नांदेडला हलवण्यापूर्वी गेलेला वेळ; कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या तांड्यांवरील गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांत पडणारा खंड; आंध समाजाच्या वस्त्यांतील रक्तक्षय आणि सिकलसेलची तपासणी; शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातील समुपदेशनाचा प्रत्यक्ष उपयोग, असे अनेक विषय सांगता येतात. सर्पदंशाचेच घ्यावे : केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण दंश झाल्यापासून रुग्ण दवाखान्याच्या दारात येईपर्यंत काय घडते, मांत्रिकाकडे किती वेळ जातो, वाहन कोणाचे मिळते, पहिली सुई कोठे दिली जाते, हे आंतररुग्ण नोंदवहीत लिहिलेले नसते. नोंदवहीत वेळ असते ती दाखल झाल्याची. त्याआधीची हकीकत सिस्टरला माहीत असते, कारण नातेवाइकांशी बोलणारी तीच असते. सेवेतील संशोधकाच्या बाजूने याहून नेमका युक्तिवाद सापडणे कठीण आहे.

तिसरी भूमिका नियोक्त्याची, म्हणजे आरोग्य विभागाची व रुग्णालय चालवणाऱ्या अधिकाऱ्याची आहे, आणि ती लिखित स्वरूपात सहसा मांडली जात नसली तरी व्यवहारात तीच निर्णायक ठरते. पदे रिक्त असताना एकाला अभ्यासासाठी सोडले की त्याची ड्युटी दुसऱ्याच्या अंगावर पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. अशा वातावरणात वैद्यकीय अधीक्षकाने संशोधनासाठी सवलत देताना हात आखडता घेतला, तर त्याला संशोधनाचा शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र याच विभागाला सेवांतर्गत डॉक्टरांच्या एमडी-एमएससाठी आरक्षित जागांची व्यवस्था करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये राज्यांचा तो अधिकार मान्यही केला आहे. संशोधन पदवीसाठी तसा विचार का होऊ नये, हा प्रतिप्रश्न रास्त आहे.

नाहरकत प्रमाणपत्र आणि वेळेचा हिशेब

या तिन्ही भूमिका एका कागदावर येऊन भिडतात. २०२२ च्या नियमांनुसार अंशकालीन उमेदवाराला नियोक्त्याचे नाहरकत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात तीन गोष्टी नमूद असाव्या लागतात : अंशकालीन अभ्यासास परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता संशोधनास पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास पूर्वअभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल. पहिली बाब सहीने भागते. दुसरी आणि तिसरी ही आश्वासने आहेत, आणि ती पाळण्यासाठी लागणारे बदली मनुष्यबळ सही करणाऱ्याच्या हातात नसते. उपजिल्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्याचा अर्ज वैद्यकीय अधीक्षकाकडून नांदेडच्या जिल्हा शल्य चिकित्सकाकडे आणि पदानुसार लातूरच्या उपसंचालक कार्यालयाकडे जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यामार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. प्रवेशाची मुदत आणि फायलीचा वेग यांचा मेळ बसेलच असे नाही.

वेळेचा हिशेब ठोस करून पाहिला तर अडचण नीट दिसते. हदगावला रेल्वे नाही. सोयीचे स्थानक नांदेड. केंद्र नाशिकला असेल तर सकाळी नांदेडहून निघणारी तपोवन एक्सप्रेस संध्याकाळी नाशिकरोडला पोहोचवते, म्हणजे जाण्याचा एक दिवस, समितीच्या बैठकीचा दुसरा आणि परतीचा तिसरा. वर्षातून दोन सत्रांच्या दोन बैठकांना सहा दिवस होतात, आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षभरात मिळणाऱ्या नैमित्तिक रजा आठ. उरलेल्या दोन रजांत घरचे लग्नकार्य, दुखणे आणि मुलांच्या शाळा बसवायच्या. काही ठिकाणी या बैठका दूरदृश्य प्रणालीने होतात आणि तेवढ्यापुरता दिलासा मिळतो. पण पूर्वअभ्यासक्रमाचे १२ श्रेयांक आणि मार्गदर्शकाशी समोरासमोर होणारी चर्चा पडद्यावर कितपत भागते, याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, परंतु तिची घडण सलग काळ अभ्यासासाठी बाहेर जाणाऱ्या अधिकाऱ्यासाठी झालेली असून, आठवड्यातून एक दिवस सहा वर्षे मागणाऱ्या अंशकालीन संशोधकाच्या मापाची ती नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉक्टरेट अधिछात्रवृत्तीत संशोधकाच्या वेतनाचा भार उचलला जातो आणि अंशकालीन पर्यायही असतो, त्यामुळे त्याच्या जागी दुसरा नेमण्यासाठी रुग्णालयाकडे पैसा राहतो. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत; नोकरदाराला पगार असतो म्हणून पैसा नको, हे त्यामागील गृहीतक समजण्यासारखे असले, तरी त्याला पैशापेक्षा वेळ हवा असतो याची सोय कोणत्याच योजनेत नाही.

मार्गदर्शकांची टंचाई हा याच हिशेबाचा दुसरा भाग. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि मार्गदर्शक हा पूर्णवेळ नियमित शिक्षकच असावा लागतो. परिणामी जिल्हा रुग्णालयात पंचवीस वर्षे काढलेला तज्ज्ञ मार्गदर्शक होऊ शकत नाही. फार तर त्याला सहमार्गदर्शक नेमता येते.

आतल्या माणसाने केलेले संशोधन

स्वतःच्या वॉर्डात, स्वतःच्या रुग्णांवर व सहकाऱ्यांवर संशोधन करणाऱ्याला जी जवळीक लाभते तीच अडचणीचीही ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नीतितत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीची संमती स्वेच्छेची व माहितीपूर्ण असावी लागते. सलाईन लावणाऱ्या सिस्टरनेच संमतीपत्र पुढे केले, तर तांड्यावरून आलेली बाई नाही म्हणेल का? पत्रक मराठीत, बोली बंजाऱ्यांची गोरमाटी आणि अंगठा शाईचा, अशा स्थितीत संमतीचा अर्थ काय घ्यायचा, याचे उत्तर छापील नमुन्यात मिळत नाही. कनिष्ठ कर्मचाऱ्यांची मुलाखत वरिष्ठाने घेतली तर औषधांचा तुटवडा किंवा संदर्भसेवेतील दिरंगाई यांविषयी खरे उत्तर मिळेल याची खात्री नसते. आणि मिळालेच, तर संशोधक म्हणून गोपनीयता पाळायची की कर्मचारी म्हणून कळवायचे, हा पेच उरतो.

तालुका पातळीच्या रुग्णालयात सहसा स्वतःची नीतिसमिती नसते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनंतर अशा समित्यांची नोंदणी आवश्यक झाल्यामुळे हदगावच्या संशोधकाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जावे लागते, जिला त्या रुग्णालयाची परिस्थिती कागदावरूनच कळते. शासकीय पोर्टलवरील माहितीवर हक्क कोणाचा, ती भरणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रबंधासाठी वापरावी का, आणि परवानगी कोणी द्यावी, याबाबतही व्यवहार जागोजागी वेगळा दिसतो.

गुणवत्ता आणि बाजार

वेळ कमी आणि पदवीची ओढ मोठी असली की मध्ये दुकानदार उभा राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनुदान आयोग व तंत्रशिक्षण परिषदेने परदेशी विद्यापीठांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएचडींविरुद्ध संयुक्त इशारा दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन विद्यापीठांना पाच वर्षे पीएचडी प्रवेश देण्यास मनाई झाली. अशा जाहिरातींचे लक्ष्य प्रामुख्याने नोकरदार असतात. शोधनिबंधाची सक्ती २०२२ मध्ये निघाल्याने पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांवरील ताण कमी होईल, असे एका बाजूचे मत आहे. बाहेरच्या परीक्षणाची एकमेव गाळणी गेली, असे दुसऱ्या बाजूचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही बंद करून निवड संस्थांवर सोपवली. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवल्यामुळे ते साम्य नऊ टक्क्यांवर आणून देणारी केंद्रे निघाली, हा नियमकर्त्यांनी न कल्पिलेला परिणाम होय.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्नांची उत्तरे पुराव्याअभावी देता येत नाहीत. अंशकालीन नोंदणी केलेल्या किती आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रबंध पूर्ण केला, किती जणांनी मध्येच सोडला आणि पूर्ण करणाऱ्यांपैकी किती सेवेत राहिले, याची जिल्हानिहाय आकडेवारी एकत्र मांडलेली आढळत नाही. ती असती तर दोन्ही बाजूंचे बरेच युक्तिवाद अनावश्यक ठरले असते. प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात जमा होतात, पण आरोग्यविज्ञानातील बहुतेक प्रबंध इंग्रजीत असल्याने ज्या आशाताई, एएनएम व परिचारिकांनी माहिती पुरवली, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नाही. भारतात परिचर्येसाठी वा सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट असावी की पीएचडीच्याच चौकटीत व्यवहाराधिष्ठित प्रबंधाला जागा करावी, यावरही एकमत नाही. पहिल्या पर्यायात पदवीला दुय्यम लेखले जाण्याचा धोका आहे, तर दुसऱ्यात परीक्षकांची दृष्टी बदलेपर्यंत किमान एक पिढी जाईल.

सर्वांत कमी चर्चा झालेला प्रश्न सेवाशर्तींचा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्याची नेमणूक वर्षाच्या आतबाहेर संपून पुन्हा दिली जाते. किमान तीन वर्षांच्या अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, असे लिहून देण्याचा अधिकार अशा वेळी कोणाचा, हे नियम सांगत नाहीत. नियमित सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्याची अडचण याच्या उलट आहे. २००५ च्या बदली कायद्यानुसार एका पदावरील सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, आणि पीएचडीचा किमान काळही तेवढाच. पूर्वअभ्यासक्रम, आराखड्याची मान्यता आणि नीतिसमितीची परवानगी यांत पहिले दीड वर्ष सरते, माहिती गोळा करण्याचे काम रंगात येते, आणि हदगावच्या सर्पदंशांवर प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टरला बदलीचा आदेश येतो. नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने जुने नाहरकत प्रमाणपत्र मानायचे की नवे मागायचे, आणि मागे राहिलेल्या नोंदवह्या पुढे कोणाच्या परवानगीने पाहायच्या, याविषयी विद्यापीठाचे नियम आणि आरोग्य विभागाचे नियम दोन्ही गप्प आहेत.